स्मरणिकेत न मावणाऱ्या विद्यार्थिनी

शाळेला पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे पूर्ण झाली की स्मरणिका निघते, आणि स्मरणिकेत ‘आमच्या यशस्वी माजी विद्यार्थिनी’ असे एक सदर असतेच. मी ज्या शाळेत शिकले तिच्या स्मरणिकेसाठी हे सदर लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यासोबत एक छापील तक्ताही आला. नाव, शालान्त परीक्षेचे वर्ष, सध्याचे पद, मिळालेले पुरस्कार आणि छायाचित्र एवढेच त्याचे रकाने होते. ते भरणे मुळीच अवघड नव्हते. डॉक्टर झालेल्या, प्राचार्य झालेल्या, परदेशी स्थायिक झालेल्या मुलींची नावे शाळेला तोंडपाठ असतात. आई गेल्यावर धाकट्या भावंडांसाठी आठवीतून दाखला काढून नेलेली आणि पुढे त्या चौघांनाही शिकवून मार्गी लावणारी माझी वर्गमैत्रीण मात्र या तक्त्यात कोठेच बसत नव्हती. तिला शालान्त परीक्षेचे वर्षच नव्हते.

त्याच सुमारास मी पुण्याजवळच्या हिंगण्याच्या संस्थेतून आणि तिच्याही आधीच्या, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदासदनातून बाहेर पडलेल्या काही स्त्रियांविषयी, आणि मुख्यतः त्यांनी स्वतः लिहिलेले, पुन्हा वाचायला घेतले होते. शाळेने आपले विद्यार्थी कसे आठवावेत, याचा विचार मी त्या वाचनामुळे करू लागले. हिंगणे म्हटले की आपल्याला धोंडो केशव कर्वे आठवतात, त्यांची झोपडी आठवते, १९५८ चे भारतरत्न आठवते. संस्थापकाच्या चरित्रात विद्यार्थिनी येतात त्या बहुधा संख्येने येतात, अमुक वर्षी इतक्या आणि तमुक वर्षी इतक्या. पण यांतल्या काहींनी आपापली हकीकत स्वतः सांगून ठेवली आहे. ती वाचताना ध्यानात येते की या बायका शाळेचे फलित म्हणून दाखवाव्यात अशा नव्हत्याच. त्यांच्यातील प्रत्येकीचे आपल्या शाळेशी काही ना काही भांडण होते.

पहिली गोदूबाई. देवरूखच्या जोशी घराण्यातील ही मुलगी आठव्या वर्षी नातूंच्या घरी दिली गेली आणि लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधी वैधव्य आले, आणि त्यानंतरची अनेक वर्षे सासरच्या घरात कामाच्या रगाड्यात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होता आणि कर्व्यांच्या बिऱ्हाडातच राहत होता. त्याने बहिणीला मुंबईला आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले आणि गोदूबाई तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. तेव्हा तिची विशी उलटून गेली होती. ज्या वयात त्या काळच्या बायकांना चार लेकरे असत, त्या वयात ती धुळाक्षरे गिरवायला बसली.

शारदासदन पुढे पुण्याला आले. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली आणि त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदासदन उघडले त्याच तारखेला चार वर्षांनी, गोदूबाईंशी त्यांचे लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या बाया. कर्व्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून या जोडप्यावर बहिष्कार घातला. त्याचा जाच कर्व्यांच्या आईला आणि भावाला सोसावा लागला, कारण गावात राहायचे होते ते त्यांना.

एखाद्या स्मरणिकेत बायांची नोंद करायची झाली तर ती येथवर होईल. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, महर्षींची सहधर्मचारिणी, छायाचित्र उपलब्ध. मला महत्त्वाचे वाटते ते मात्र यानंतरचे. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. लोकांनी आपल्या विधवा मुली विश्वासाने पाठवाव्यात म्हणून आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध नाही, हे त्यांना पदोपदी सांगावे लागे. पुनर्विवाहाच्या चळवळीतून ते स्वतः बाजूला झाले. या धोरणाचा एक परिणाम असा झाला की पुनर्विवाहित बायांनी आश्रमात राहणे हे आश्रमाच्या दृष्टीने अडचणीचे ठरले. विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेच्या संस्थापकाची बायको, जी स्वतः विधवाश्रमात शिकलेली होती, तीच त्या संस्थेच्या उंबरठ्याबाहेर राहिली. पुण्यात प्लेग आला, आश्रम गावापासून चार मैलांवर हिंगण्याला गेला आणि १९०० मध्ये रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेत झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर महाविद्यालयात शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जात, रात्री तेथेच राहत आणि सकाळी पुन्हा शहरात येत. त्या पायपिटीचे वर्णन आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. त्याच काळात बाया शहरात मुलांना घेऊन घर चालवत होत्या, एवढे त्या धड्यात नसते.

कर्व्यांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. बायांना याचा राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. स्वतःच्या मुलांसाठी म्हणून ठेवलेले तेवढेच होते, तेही गेले. मात्र हीच बाई पुढे पावतीपुस्तक घेऊन लग्नामुंजींच्या घरी जाई आणि आश्रमासाठी वर्गणी मागे. एका हाताने रागवायचे आणि दुसऱ्या हाताने वर्गणी गोळा करायची, यात विसंगती पाहणाऱ्यांनी कधी संसार केलेला नसावा. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देवत्व दिलेल्या नवऱ्याविषयी ज्या मोकळेपणाने लिहिले आहे, त्या मोकळेपणाने आजही फारसे कोणी लिहीत नाही. शारदासदनात त्यांना काय शिकवले गेले याची यादी करायची तर वाचन, लेखन आणि गणित एवढीच होईल. पण ‘मला असे वाटले’ हे वाक्य पूर्ण करण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी, असा माझा समज आहे. घराबाहेर काढलेल्या, समाजाने ओवाळून टाकलेल्या बायका एकत्र बसून बोलत असतील, तर ती सवय कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. माहेरचे नाव कृष्णा, जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न झाले, नवरा गोव्यात नोकरीला होता, आणि विसाव्या वर्षाच्या आसपास पदरी एक मुलगा असताना वैधव्य आले. केशवपन झाले. थोरल्या बहिणीने पुनर्विवाह केला म्हणून माहेरच्या घरावर बोट ठेवले जात होते, आणि त्याच बहिणीच्या आधाराने धाकटीला पुण्याला येऊन शिकायचे होते. पार्वतीबाई शिकू लागल्या तेव्हा त्यांचे वय सव्वीसच्या घरात होते. पोटच्या मुलाचे शिक्षण आणि स्वतःचे शिक्षण बरोबरच चालू होते.

पुढे त्या हिंगण्याच्या संस्थेच्या आधारस्तंभ झाल्या, हे वाक्य मी लिहिले तर खरे, पण ते वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. काम होते ते गावोगाव फिरून भाषण करण्याचे आणि निधी जमवण्याचे. ज्या बाईला काल-परवापर्यंत चारचौघांसमोर येण्याचीही मुभा नव्हती, ती आता सभेत उभी राहून बोलत होती. आणि हे सगळे डोक्यावर केस नसताना आणि अंगावर विधवेचे लाल आलवण असताना. जुन्या वळणाच्या माणसांना अशी बाई आपल्यातली वाटे, तिच्यावर विश्वास टाकणे सोपे जाई, याची जाणीव त्यांना असणारच. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. स्त्रीचे खरे क्षेत्र घर आणि मातृत्व हेच, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रातही मांडले. आजच्या वाचकाला हे खटकते. मलाही खटकले. तरीही १९१२ च्या सुमारास, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि तीही जिच्या डोक्यावरच्या वस्त्राखाली काय आहे याच्याशी एरवी कोणाला कर्तव्य नसावे अशा प्रौढ, कर्त्या बाईवर.

पार्वतीबाईंच्या आयुष्यातले मला सर्वांत आवडणारे प्रकरण इंग्रजीचे. ही भाषा आपल्याला यायला हवी, तिच्यावाचून संस्थेचे काम अडते, असे त्यांनी मनात घेतले होते. पुण्यात प्रयत्न करूनही ती येईना. शेवटी १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे पोट भरण्यासाठी लोकांच्या घरी धुण्याभांड्यांची, स्वयंपाकघरातली कामे केली. कोकणातल्या ब्राह्मण घरातील विधवा, जिने जन्मभर सोवळे सांभाळलेले, ती परक्या देशात परक्यांची उष्टी भांडी घासते आणि त्याविषयी घरी परतल्यावर संकोच न करता लिहिते. ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये आली आणि दोनच वर्षांत जस्टिन ॲबट यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. ज्या भाषेसाठी त्या समुद्रापार गेल्या, त्या भाषेत अखेर त्यांचे पुस्तक पोहोचले, पण दुसऱ्याच्या हातून. अमेरिकेहून परतलेली विद्यार्थिनी म्हणून स्मरणिकेत त्यांचे नाव ठळक अक्षरांत छापता येईल. ‘सध्याचे पद’ या रकान्यात मोलकरीण असे लिहिण्याची हिंमत कोणत्या संपादक मंडळाला झाली असती, ते मला सांगता येत नाही.

तिसरी विद्यार्थिनी या दोघींहून एका पिढीने धाकटी आणि विधवा नसलेली. बाळूताई खरे यांचा जन्म १९०५ चा. वडील अनंतराव खरे हे शिक्षक. मुलींना शिकवायचेच, या हट्टाचा माणूस. त्यांच्याविषयी मुलीने पुढे ‘खरेमास्तर’ हे पुस्तक लिहिले. घोडनदीसारख्या गावात मुलीला जे मिळाले नसते ते मिळावे म्हणून बाळूताई कर्व्यांच्या संस्थेत आल्या, आणि तेथेच कर्वे व वामन मल्हार जोशी यांच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखाली शिकल्या. वामन मल्हारांचा उल्लेख मुद्दाम करायला हवा. स्वतः कादंबरीकार असलेला, प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून दाखवणारा हा माणूस तुटपुंज्या वेतनावर हिंगण्याला मुलींना शिकवत राहिला. त्यामुळे त्या वर्गांत उत्तरांइतकेच प्रश्नही शिकवले जात असले पाहिजेत.

कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिकवणारे हे विद्यापीठ ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ अशा पदव्या देई. पण त्यांना सरकारची मान्यता नव्हती. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो थेट १९५१ मध्ये. म्हणजे सुरुवातीच्या पस्तीस वर्षांत ज्या मुली येथून पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्यांच्यापाशी विद्या होती, पदवीही होती, पण सरकारी दारात त्या पदवीला किंमत नव्हती. संस्थेच्या इतिहासात या काळाचे वर्णन संघर्षाचा काळ असे केले जाते. ज्या मुलीला त्या पदवीच्या जोरावर घर चालवायचे होते, तिला तो काळ कसा गेला असेल, हे कोणत्याही अहवालात सापडत नाही.

ते सापडते बाळूताईंच्या कथांत. शिक्षण संपवून त्या पुण्याच्या कन्याशाळेत शिकवू लागल्या आणि १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पंचविशी-तिशी उलटली तरी लग्न न झालेल्या मुलींच्या या कथा. घरच्यांना तिचा पगार हवा आहे म्हणून तिच्या लग्नाची घाई कोणालाच नाही. शिक्षणामुळे तिच्या मनात जी अपेक्षा जागी झाली तिला साजेसा पुरुष अवतीभवती नाही. आणि तिला शरीर आहे, हे तर कोणी बोलायचेच नाही. पुण्यात खळबळ उडाली. ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला, निषेधाच्या सभा झाल्या, हे लिखाण पुरुषाचेच असणार अशीही कुजबुज झाली. आपल्याच शाळेत शिकवणारी एक शांत शिक्षिका हे लिहिते आहे, हे पुष्कळ काळ कोणाला ठाऊक नव्हते.

हे पुस्तक शाळेविरुद्ध नाही. मुलींना शिकवू नये असे त्यात चुकूनही सुचवलेले नाही. पण स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी जो हिशेब मांडला होता, म्हणजे मुलगी शिकली की स्वावलंबी होईल आणि स्वावलंबी झाली की सुखी होईल, त्या हिशेबात कोठे चूक राहिली हे त्या हिशेबातूनच तयार झालेल्या मुलीने दाखवून दिले. संस्थेला अशा विद्यार्थिनीचा अभिमान वाटावा की तिची अडचण वाटावी? शताब्दीच्या वेळी अभिमान वाटतो, हे आपण जाणतो. १९३३ मध्ये काय वाटले असेल, ते त्या टोपणनावावरूनच उघड आहे.

कन्याशाळा सोडून १९३६ मध्ये त्या सोलापूरला गेल्या. इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्या वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. तेथे पाहिलेले आयुष्य त्यांच्या ‘बळी’ या कादंबरीत उतरले. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यंतरी १९३८ मध्ये विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या होत्या. मराठी साहित्याच्या इतिहासात त्या ज्या नावाने ओळखल्या जातात ते नाव शाळेच्या पटावरही नाही आणि लग्नानंतरच्या कागदपत्रांतही नाही.

या तिघी पुस्तके लिहून गेल्या म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. हिंगण्यातून बाहेर पडलेल्या बहुतेक जणींनी काही लिहिले नाही. त्यांपैकी एक आमच्या घराण्यातली होती, माझ्या वडिलांची चुलत आत्या. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. लहानपणी विधवा झालेली, भावाने आश्रमात नेऊन पोहोचवलेली, तेथे शिकून पुढे तालुक्याच्या मुलींच्या शाळेत तिने जन्मभर नोकरी केली. मी तिला पाहिले तेव्हा ती खूप म्हातारी झाली होती. महर्षींच्या सहवासाच्या आठवणी ऐकायला मिळतील म्हणून मी तिच्याजवळ बसले, तर ती वसतिगृहातल्या पाळ्यांविषयी बोलत राहिली: निवडटिपण कोणाकडे, पाणी भरणे कोणाकडे, आजारी मुलीची उशा-पायथ्याची सोबत कोणाकडे. अण्णांविषयी, म्हणजे कर्व्यांविषयी, विचारले तर म्हणाली, ते भराभर चालायचे. तिच्या लेखी आश्रम म्हणजे मुख्यतः त्या मुली होत्या ज्यांच्याबरोबर तिने पाळ्या केल्या, आणि त्यांच्यापैकी अनेकींना ती पुढे कितीतरी वर्षे पत्रे लिहीत असे. कोणी कुठे बदलून गेली, कोणाच्या भावाने पगार काढून घेतला, कोणी गुपचूप लग्न केले, याची इत्थंभूत माहिती तिच्यापाशी असे.

मला वाटते, माजी विद्यार्थिनींचा खरा इतिहास अशा पत्रव्यवहारांत होता. संस्थेच्या कार्यालयाला त्याचा पत्ता नव्हता. संस्था वर्गणीसाठी, संमेलनासाठी, सत्कारासाठी माजी विद्यार्थिनींना शोधते. त्या एकमेकींना शोधत ते कोणाला नोकरीची गरज आहे, कोणाच्या मुलीला पुण्यात राहायला जागा हवी आहे, यासाठी. आमच्या मास्तरीणबाईंच्या ओळखीवर पुढच्या पिढीतल्या दोघी शिकल्या. त्या दोघींचे शिक्षण कोणत्याच संस्थेच्या अहवालात तिच्या नावावर जमा झालेले नाही. तिची पत्रे आता नाहीत. घर पाडले तेव्हा ती कोणी राखून ठेवली नाहीत. घरोघरी असेच झाले असणार.

स्मरणिकेसाठी मी शेवटी काय केले, हे येथे सांगण्यासारखे आहे, कारण त्यावर थोडा वाद झाला. पुरस्कारांचा रकाना मी गाळला आणि त्याऐवजी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले: शाळा सोडल्यावर तुम्ही कोणाला शिकवले किंवा सांभाळले, आणि शाळेने जे सांगितले त्यापैकी काय तुम्हाला पुढे पटले नाही. दुसरा प्रश्न समितीला पसंत नव्हता. आनंदाच्या प्रसंगी तक्रारी कशाला, असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे पडले. मी मालतीबाईंचे उदाहरण दिले, तेव्हा त्या मोठ्या लेखिका होत्या हो, असे उत्तर आले. जणू मोठे झाल्यावरच न पटण्याचा अधिकार मिळतो. अखेर प्रश्न राहिला, आणि त्याला आलेली उत्तरे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांपेक्षा लांब निघाली. शिवणाच्या तासाविषयी, मुलांशी बोलल्याबद्दल झालेल्या शिक्षेविषयी, ‘चांगल्या घरातल्या’ मुलींना पुढच्या बाकावर बसवण्याविषयी बायकांनी पानेच्या पाने लिहिली होती, आणि बहुतेक पत्रांच्या शेवटी शाळेसाठी धनादेश जोडलेला होता.

आठवीतून गेलेल्या माझ्या मैत्रिणीचाही मजकूर त्यात आहे. शालान्त परीक्षेच्या वर्षाच्या जागी तिने ज्या वर्षी दाखला काढला ते वर्ष लिहिले, आणि तक्त्यात तेच छापले आहे.